पुष्पावती कासारणीचे हात

सापडलेली वस्तू मालकाला नेऊन देणं हा माझा जुना आजार आहे. या आजारापायी मी गेल्या पौष अमावास्येला एका बाईच्या चामखिळी तिला घरपोच परत नेऊन दिल्या.

भर दुपारचे बारा वाजले होते. तिसगावच्या बाहेर तीन वाटा मिळतात, तिथं रस्त्याच्या मधोमध एक पुरचुंडी पडली होती. मी ती चुकवायला गेलो आणि स्कूटरचं चाक बरोबर तिच्यावरून नेलं. गाठ सुटली, ज्वारीचे दाणे रस्ताभर झाले. एवढा वाहता रस्ता, पण त्या वेळी त्याच्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वारा पडलेला. बाभळीवरचा एक कावळा माझ्याकडे बघत होता, पण ओरडत नव्हता.

कापड मी ओळखलं. जांभळ्या काठाच्या जुन्या लुगड्याचं फडकं. पुष्पावती कासारीण बांगड्या त्यातच गुंडाळून देते. बिचारीचं काहीतरी पडलं, असं म्हणून मी दाणे वेचले. मास्तरकीची खोड, मोजलेही. सतरा भरले. गाठ मारून थेट तिच्या दारात.

ती ओट्यावर हात पदराखाली घेऊन बसली होती. पुरचुंडी पाहिली आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

"कुठं घावली, मास्तर?"

"तिठ्यावर. तुमचीच ना, वहिनी?"

"माझी हुती," ती म्हणाली. "आता पुन्हा माझीच झाली."

मग तिनं पदराखालून हात काढून दाखवले. बोटांवर, अंगठ्याच्या बुडाशी, खरबरीत, राखाडी चामखिळी. सतरा. आमच्याकडची रीत अशी, की जितक्या चामखिळी तितके ज्वारीचे दाणे घ्यायचे, एकेक दाणा एकेकीला टेकवायचा, फडक्यात बांधून अमावास्येच्या दुपारी तिठ्यावर टाकायचे आणि मागं न बघता घरी यायचं. जो उचलेल त्याच्याकडे त्या जातात. आजवर कित्येकांनी अशा टाकल्या असतील, पण त्या सही-सलामत परत आणून देणारा टपालखात्याबाहेरचा पहिला माणूस मीच.

"उचलणाऱ्याकडं जातात ना?" मी धीर देत म्हणालो. "मग माझ्याकडे येतील."

"तुमी उचलल्या. पर घेतल्या मी," ती म्हणाली आणि आत गेली.

पुष्पावती चाळीस वर्षं तिसगावात आणि आसपासच्या वाड्यांवर बांगड्या भरते. ती माणसं तोंडावरून ओळखत नाही, हातावरून ओळखते. माझ्या बायकोच्या हाताला सूज आहे हे आमच्या डॉक्टरांच्या आधी तिनं सांगितलं होतं. "दोन-सहाच्या मापाचा हात दोन-आठावर गेलाय, रक्त तपासा," म्हणाली. तपासलं, तर थायरॉईड निघालं. तिच्या हातात हात दिला की बाया डोळे मिटून घेतात. ती अंगठ्यानं हाताची हाडं अशी काही दाबते, की काच कधी आत गेली ते कळत नाही.

तोच अंगठा आता खरखरीत झाला होता. पुरचुंडी परत आल्यापासून तीन आठवड्यांत सतराच्या सव्वीस झाल्या. मी रोज सकाळी उठून आधी स्वतःची बोटं बघायचो. आठव्या दिवशी मधल्या बोटावर मला एक टणक फुगवटा दिसला. घरी कुणाला बोललो नाही. पण त्या दिवसापासून मी पोहे चमच्यानं खायला लागलो.

बायांनी पुष्पावतीपुढून हात काढून घ्यायला सुरुवात केली. "आज नको, उपास हाय." उपासाला काचेच्या बांगड्या चालत नाहीत हे मला या वयात कळलं. माळवदाच्या गल्लीतल्या साळूबाईनं तर तिला दारातूनच वाटेला लावलं. साळूबाईच्या नातीचं, मोनिकाचं लग्न मे महिन्यात होतं. लग्नाचा चुडा पुष्पावतीच भरणार हे पोरगी जन्मली तेव्हापासून ठरलेलं. साळूबाई म्हणाली, "तुजा हात माज्या नातीला लागू देनार न्हाई. चुडा पाथर्डीवरनं आनू."

त्या संध्याकाळी पुष्पावतीनं मला बोलावून घेतलं. खोलीत खुंट्यांना दोरीत ओवलेले बांगड्यांचे तोडे लटकत होते. तिनं दार लोटलं.

"मास्तर, एक सांगते, कुनाला बोलू नका. माळवदाच्या गल्लीत निकिताच्या हातावर उगवली. साळूबाईची सून. मग शेजारी कलाबाई. मग वळनावरची दोन घरं. मग मारुतीमागं तीन."

"मग?"

"दिवाळीला मी जशी बांगड्या भरत घरोघर गेल्ते, तशाच वळीनं."

बाहेर सगळं शांत होतं. तेवढ्यात खुंटीवरचे तोडे आपोआप किणकिणले. एक, मग दुसरा, मग तिसरा, दाराकडून आमच्याकडे. रस्त्यावरून ट्रक गेला असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण ट्रकचा आवाज मला आला नव्हता. ती खुंट्यांकडे बघतच नव्हती. स्वतःच्या हातांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि तिच्या मांडीवर ठेवून कुणी निघून गेलंय.

त्याच आठवड्यात तिनं बांगड्यांची पेटी बंद केली.

अपराध माझा, तेव्हा धावपळही माझी. एकानं घोड्याचा केस बांधायला सांगितलं. मेडिकलवाल्यानं जाळायचं औषध पुढं केलं. एका पार्लरवाल्यानं "मशीननं दोन मिनिटांत" म्हणून सांगितलं. शेवटी आमचे गावातले डॉक्टर म्हणाले, "मास्तर, त्वचेची एम.डी. डिग्री पाटीवर वाचा आणि मगच आत जा. नुसतं 'चामखीळ तज्ज्ञ' लिहिलं असेल तर पुढं चला."

पुष्पावती तयार होईना. "चामडीच्या डॉक्टरच्या दारात दिसले, तर उद्या गाव म्हनंल पुष्पाला महारोग झाला."

"नगरला आपल्याला कोण ओळखतं?"

दवाखान्याच्या पाटीवर त्वचा, केस आणि त्याखाली ठळक अक्षरांत गुप्तरोग असं होतं. ते वाचून मीच आधी इकडेतिकडे पाहिलं. आत वीसेक माणसं आणि कुणीच बोलत नव्हतं. सगळ्यांचे हात खिशात, पदराखाली, ओढणीत. वीस माणसं आणि एकही हात नाही. कोपऱ्यात एक बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसली होती, नुसते डोळे उघडे. नंबर पुकारला तशी तिनं चिठ्ठी पुढं केली. क्षणभर मनगट दिसलं.

"दोन-चारचा हात. डाव्या मनगटाचं हाड वर," पुष्पावती माझ्या कानात म्हणाली. "निकिता हाय."

स्कार्फमधले डोळे आमच्याकडे वळले आणि लगेच जमिनीला खिळले.

डॉक्टर स्नेहल वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी दिव्याचं भिंग पुष्पावतीच्या अंगठ्यावर धरलं आणि आम्हालाही दाखवलं. चामखिळीच्या आत काळे ठिपके होते, टक लावून बघत असल्यासारखे.

"ही मुळं नाहीत. गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत," त्या म्हणाल्या. "हा विषाणू असतो. खरचटलेल्या कातडीतून शिरतो आणि दोन-चार महिन्यांनी वर दिसतो. तुम्ही यांना ब्लेडनं तासलंत ना?"

पुष्पावतीनं मान डोलावली.

"म्हणून वाढल्या."

म्हणजे माझ्या पुरचुंडीनं नाही. मला सुटल्यासारखं झालं. मी माझं बोट पुढं केलं. डॉक्टरांनी भिंगही घेतलं नाही. "हा पेनचा घट्टा आहे, काका. तीस-चाळीस वर्षांचा असेल."

पुष्पावतीनं एकच विचारलं. "बायांच्या हातावर माज्यापासनं गेल्या का?"

डॉक्टर म्हणाल्या, "काही गेल्या असतील. काचेनं खरचटतं, ओल्या हातानं तुम्ही दाबता. सगळ्याच तुमच्यामुळं असं नाही. पण हे स्वच्छ होईपर्यंत कुणाचा हात धरू नका."

मग त्यांनी चामखीळ गोठवायच्या औषधाचं स्टीलचं भांडं उघडलं. पांढरी वाफ टेबलावरून घरंगळत खाली आली, पण पाय भिजले नाहीत. नळीच्या टोकातून फवारा सुटला आणि अंगठा बघता बघता पांढराफटक पडला, मेलेल्या माणसासारखा. दर तीन आठवड्यांनी असं चार वेळा झालं. फोड आले, काळे पडले, गळाले.

पण पहिल्या खेपेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं जे केलं ते मला जमलं नसतं. दिवाळीला गेली होती त्याच ओळीनं ती घरोघर गेली. हात पदराखाली, उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "तुमच्या हातावरचं माज्या हातनं आलं आसंल. नगरला चला, डॉक्टर चांगली हाय." कलाबाईनं दार लावून घेतलं. मारुतीमागच्या एकीनं ती उभी होती तिथं पाणी ओतलं. साळूबाई जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. निकिता सासूमागं उभी होती. दुसऱ्या खेपेला ती आमच्या भाड्याच्या जीपमध्ये येऊन बसली. या वेळी स्कार्फ नव्हता. तिसऱ्या खेपेला जीपमध्ये मला जागा उरली नाही.

मेच्या सुरुवातीला डॉक्टरांनी भिंग फिरवून हात मोकळे केले. त्या आठवड्यात साळूबाई ओट्यावर आली, इकडचंतिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, "मोनिका दुसऱ्या कुनाला हात देत न्हाई म्हनती." चुकलं वगैरे शब्द तिच्या घराण्यात नाहीत.

चुड्याच्या दिवशी मीही मांडवात होतो. पुष्पावतीनं पोरीचा हात मांडीवर घेतला. सगळ्या बायांचे डोळे त्या अंगठ्यावर. अंगठ्याच्या बुडाशी गुलाबी, नव्या कातडीचे डाग होते. तिनं हाड दाबलं. हिरवी काच सरकली. मांडवात तेवढाच आवाज. एकवीस बांगड्या गेल्या, एक तडकली नाही. मग कलाबाई पुढं सरकली, मारुतीमागची पाणी ओतणारीही, आणि सगळ्यात शेवटी साळूबाईनं आपला सुरकुतलेला हात पुढं केला.

पुष्पावती तो हात तितक्याच हलक्या हातानं दाबत होती. मला राहवलं नाही. मी वाकून हळूच विचारलं, "वहिनी, हिच्या हातात भरताना राग नाही येत?"

"रागात भरली, की बांगडी तडकती."