तेवीस नंबरचा पट्टा

कुत्री बावीस होती. स्क्रीनवर तेवीस दिसत होती.

दुपारचे चार वाजले होते. कॅम्पिंग साइटचे मॅनेजर मोरिता-सान बांधावर उभे राहून एकेका कुत्र्याकडे बोट दाखवत मोठ्याने मोजत होते. जपानमध्ये ट्रेनचा ड्रायव्हरही असाच सिग्नलकडे बोट दाखवून बोलतो. डोळा एकटा चुकतो. डोळा, बोट आणि तोंड तिन्ही एकदम चुकत नाहीत, असं त्यामागचं गणित.

"बावीस," ते म्हणाले. मग बोट माझ्या लॅपटॉपकडे वळलं. "एक अजून खाली आहे, बापट-सान."

खाली कोणीही नव्हतं.

आमची कावासाकी शहरातली छोटी कंपनी पाळीव जनावरांच्या गळ्यातले टॅग बनवते. टॅग म्हणजे पट्ट्याला अडकवलेली, काडेपेटीपेक्षा लहान डबी. तिच्यातून सिग्नल निघतो, बांधावरचे तीन खांब तो पकडतात आणि कुत्रं कुठे आहे ते स्क्रीनवर ठिपक्याने दिसतं. मी तिथे फील्ड इंजिनियर. सिस्टिम लावायची, चालवून दाखवायची, क्लायंटची सही घ्यायची आणि टोकियोत फुनाबोरीला घरी परतायचं, एवढंच माझं काम.

ही साइट डोंगरातल्या एका दरीत. वर धरण असल्यामुळे नदी एरवी कोरडीच. बांधाखाली नुसतं वाळवंट, वाळू आणि गोटे, पार पलीकडच्या कड्यापर्यंत. बांधाच्या एका अंगाला तंबू, दुसऱ्या अंगाला कॅम्पिंग व्हॅन. कुत्र्यांना वाळवंटात मोकळं सोडता येतं म्हणून लोक लांबून येतात. रोज पाचच्या सुमारास धरणातून पाणी सोडतात. त्याआधी भोंगा होतो. त्यामुळे साइटचा नियम असा, की चार वाजता सगळे वर, आणि खालचा आकडा शून्य झाल्याशिवाय फाटक बंद करायचं नाही.

शून्य होतच नव्हता. तेवीस नंबरचा ठिपका पात्राच्या मधोमध सावकाश हलत होता. चार पावलं पुढे, दोन मागे. काहीतरी हुंगत चालल्यासारखा.

"हा टॅग कोणाला दिलाय?" मी विचारलं.

मोरिता-सान ठिपक्याकडे बघत म्हणाले, "कोजिरोला. आमचा म्हातारा शिबा कुत्रा. तुमच्या कंपनीने मागच्या वर्षी नमुना म्हणून दिलेला टॅग त्याच्या गळ्यात होता. मागच्या शरद ऋतूत खाली गेला, तो वर आला नाही. आम्ही आठवडाभर शोधलं."

अंगावर सर्रकन काटा आला. मी इंजिनियर आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी आला.

आणि मग ते खाली उतरले. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात काठी, गोट्यांवरून तोल सावरत त्या ठिपक्याच्या दिशेने निघाला. "कोजिरो! कोजिरो!" असं हाका मारत. माझ्या स्क्रीनने एक दाखवलं, म्हणून. बांधावरची बावीस कुत्री एका रांगेत उभी राहून त्याच जागेकडे बघत होती. एकही भुंकत नव्हतं. ती शांतता मला आजही आठवली की नकोशी होते.

भोंगा झाला तेव्हा ते अजून पात्रात होते. मी जिवाच्या आकांताने ओरडले. ते वर पोचले आणि काही मिनिटांत पाणी आलं.

"सिस्टिम येण्याआधीही खाली जायचात?" मी धापा टाकत विचारलं.

"नाही. आधी मला माहीत नव्हतं ना, तो तिथे आहे ते."

ट्रायल सुरू होऊन तिसरा दिवस होता. आधीचे दोन दिवस मी चारला लांबच्या खांबापाशी कामात होते; तेव्हाही ते असेच उतरले होते, ते त्यांनी आत्ता सांगितलं. उद्या ते वर आले नाहीत तर त्याला जबाबदार मी, एवढं मला लख्ख कळलं.

मी निखिलला फोन लावला. निखिल आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, माझ्यासारखा पुण्याचाच.

"अगं, हरवलेला टॅग असेल. नॉइज आहे," तो म्हणाला. नॉइज म्हणजे सिग्नलमधला बिनकामाचा कचरा. "आज ज्यांना टॅग दिलेत तेवढेच दाखव. बाकी फिल्टर कर. दहा मिनिटांचं काम."

"पण तो हलतोय."

"सिग्नल वीक असला की ठिपका भटकतो, तुला माहितीये. उद्या सही घे आणि ये बाई परत."

पटलं. शिवाय म्हाताऱ्याचं खाली उतरणं थांबणार होतं. मी फिल्टर लावला. तेवीस नंबर गायब झाला आणि त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला मोरिता-सान सहीचे कागद आणि एक वही घेऊन आले. आकाश निरभ्र. वाळवंटात बारा माणसं आणि नऊ कुत्री खेळत होती.

"तेवीस नंबर दिसत नाही," ते म्हणाले.

मी अभिमानाने फिल्टर समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही तो दिसेनासा केलात. तो वर आला का?"

मनातल्या मनात चडफडत मी फिल्टर काढला. आत्ता काहीच दिसणार नाही, तो ठिपका चारच्या सुमारासच येतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं.

ठिपका होता. पात्राच्या मधोमध. जोरात हलत होता.

मोरिता-सान वही उघडायलाही थांबले नाहीत. गळ्यातली शिटी फुंकत फाटकाकडे धावले. "सगळे वर या! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, पण भोंगा झालेला नाही," मी मागून म्हणाले.

"तेवीस आला की मागून पाणी येतं. तीन दिवस लिहून ठेवलंय. कोजिरो बोलवायला येतो."

क्लायंटचं डोकं फिरलंय, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. लोकही कुरकुरत वर आले. कोणाची खुर्ची राहिली, कोणाचा चहा. मोरिता-सान बोट दाखवून मोजत होते. आठ कुत्री. नववं एक जाडगेलं कॉर्गी, ते जागचं हलेना. मालकीणबाईंनी शेवटी त्याला काखोटीला मारून आणलं. "नऊ. माणसं बारा." फाटक बंद.

मग वरच्या वळणाकडून मालगाडी यावी तसा आवाज आला. पाणी तपकिरी होतं आणि त्यात अख्खी झाडं होती. बघता बघता वाळवंट दिसेनासं झालं. माझी पाचावर धारण बसली. कॉर्गीवाल्या बाई त्याला कवटाळून रडायला लागल्या.

पहाटे पलीकडच्या डोंगरावर ढगफुटी झाली होती. ते पाणी एका ओढ्यातून धरणाच्या खालच्या बाजूला नदीत उतरलं. धरणातून काही सोडलंच नव्हतं, मग भोंगा कोण वाजवणार?

टॅगचा उलगडा मला संध्याकाळी झाला. आमचा टॅग स्थिर असला की झोपतो, हलला की जागा होतो, म्हणूनच त्याची बॅटरी इतके महिने टिकली. तो कुठेतरी गोट्यांखाली अडकला होता. धरणवाले मोठं दार उघडण्याआधी तासभर थोडं पाणी सोडतात. ते वर दिसत नाही, गोट्यांखालून झिरपत येतं. तेवढ्याने टॅग हलायचा. त्या दिवशी ओढ्याचं पाणी तसंच आधी खालून आलं.

मी रिपोर्टमध्ये हे सगळं लिहिलं. निखिल म्हणाला, "फिल्टरचं नको लिहूस." मी तेही लिहिलं. मोरिता-सानांनी रिपोर्ट दोनदा वाचला, सहीचा शिक्का मारला आणि म्हणाले, "खूप छान समजावलंत. फक्त कुत्री का गप्प होती, ते यात नाही." ते मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

पाणी ओसरल्यावर तेवीस नंबर पुन्हा कधी दिसला नाही. खालचा आकडा आता रोज चारला शून्य होतो आणि मोरिता-सान खाली उतरत नाहीत.

रिपोर्ट लिहिताना मी लॉग उघडला होता. सिस्टिम स्क्रीनवर काही दाखवो न दाखवो, आलेला प्रत्येक सिग्नल लॉगमध्ये नोंदवते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तेवीस नंबर त्या दिवशी साडेनऊपासून सिग्नल देत होता. सव्वा तास. तेवढा वेळ बारा माणसं आणि नऊ कुत्री खाली खेळत होती, मी शेजारी कॉफी पीत बसले होते, आणि माझी स्क्रीन अगदी स्वच्छ होती.