बॅटरीच्या उजेडात पाहिलेला टीव्ही

आमचा टीव्ही बंद पडला, पण त्याचा आवाज चालूच राहिला. भर दुपारी सिरियल लागली होती. पडदा एकदम काळा झाला आणि आतली माणसं मात्र भांडतच राहिली.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, “लाइट गेली का गं?”

“न्हाई आत्या, पंखा चालू हाय.”

आमच्या मालकांनी टीव्हीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने खिडकी लावून घेतली आणि मोबाईलचा उजेड पडद्याला टेकवला. तेवढ्या उजेडात एका बाईचं नाक दिसलं.

“चित्र हाय, मागचा उजेड गेलाय,” तो म्हणाला. “आतल्या पट्ट्या बदलाव्या लागतील, त्या पुण्यावरनं येतील. दुरुस्त करायचा का नवा घ्यायचा, ते ठरवून सांगा.”

तो गेला आणि ठरवायचं काम मागे राहिलं. माझे धाकटे दीर कोरेगाव भीमाला कंपनीत आहेत. ते फोनवर म्हणाले, “दुरुस्ती कशाला? शिरूरला दुकानात जुना घेऊन नवा देत्यात. बंद पडलेला बी चालतो. रविवारी पिकअप घेऊन येतो.” मालक बरं म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

तो टीव्ही माझ्या वडिलांनी थोरल्या लेकीच्या बारशाला राहू गावावरून आणला होता. टेम्पोत मागे बसून, खोकं मांडीवर घेऊन, वाटभर त्याला मिठी मारून आले. उतरले तेव्हा हात सरळ होईनात. आजोळचा पाळणा यायचा तर टीव्ही आला, म्हणून आत्या आठ दिवस बोलत होत्या. नवव्या दिवसापासून त्या टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. वडिलांनी दिलेली दुसरी मोठी वस्तू या घरात नाही. ती आता पिकअपमध्ये टाकून दुकानात नेणार होते. पण बोलायचं कसं? लग्न झाल्यापासून दिरांपुढे मी ‘चहा ठेवू का’ याच्या पुढे गेले नव्हते.

आत्यांनी मात्र मिस्त्रीची युक्ती ध्यानात ठेवली होती. उसाला पाणी द्यायला जाताना मालक मोठी बॅटरी नेतात, ती त्यांनी खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. खिडकी लावली. पडद्यावर भाकरीएवढं चित्र दिसायला लागलं.

“तिचं तोंड दाखव. आता साडी दाखव. अगं काठ, काठ! कुणाशी बोलतीया ती? तिकडं ने.”

मी बॅटरी तिकडे नेईपर्यंत तो माणूस उठून गेलेला असायचा. आम्हाला नुसता सोफा दिसायचा.

चौथ्या दिवशी पहाटे मालक मोटार चालू करायला गेले तर बॅटरी उतरलेली. पाण्याच्या चारीत पाय जाऊन गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आले. “बघा! साड्या बघा तुम्ही!” म्हणाले. रविवारची वाट आता तेच जास्त बघत होते.

रविवारी दीर पिकअप घेऊन आले. पण दुपारी मॅच होती. मोबाईलला रेंज बाहेर रस्त्यावरच येते आणि तिथे ऊन. “मॅच संपली की टाकू गाडीत,” दीर म्हणाले. दार-खिडक्या लावल्या. बॅटरी माझ्याकडेच आली, कारण माझा हात बसला होता.

शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. “भर दुपारी दारं लावल्यात. कुणाला काय झालंय का?”

“काय न्हाई, मॅच बघतोय,” आत्या आतूनच म्हणाल्या. काकूंना ते पटलं नसावं. त्या बराच वेळ दाराशी उभ्या होत्या.

सिरियलमधली माणसं एका जागी उभी तरी राहतात. बॉल राहत नाही.

“वहिनी, बॉलवर धरा! वर गेला, वर! अवो वर!” मी वर नेली तर तिथे आभाळ. “खाली आला, खाली!” खाली गवत. टीव्हीतला माणूस झेल घेतला म्हणून ओरडत होता आणि आम्हाला कुणाचा तरी बूट दिसत होता.

दीर वैतागले. “साधा बॉल सापडना व्हय तुमाला? असला टीव्ही घरात ठेवायचाच कशाला? मॅच ऱ्हाऊ द्या, आत्ताच टाकतो गाडीत.” आणि ते वायर काढायला उठले.

मला काय झालं कळलं नाही. मी बॅटरी वळवून सरळ त्यांच्या तोंडावर धरली.

“टीव्ही कुठं जायचा न्हाई. माझ्या वडलांनी मांडीवर धरून आणलाय त्यो. पट्ट्या बदला. आन् बॉल तुमचा तुम्ही हुडका.”

दिरांनी डोळ्यांवर हात घेतला. “वहिनी, आधी बॅटरी तेवढी बाजूला घ्या.” घरात कुणी अनोळखी बाई शिरल्यासारखं मालक माझ्याकडे बघत होते.

आत्याच म्हणाल्या, “बोलून झालं असंल तर बॅटरी पडद्याव धर. आउट कोण झालं ते तरी बघू.”

बॅटरी तिथेच ठेवून मी चुलीपाशी गेले. भिंतीपलीकडून मालकांचा आवाज आला, “मिस्त्रीला फोन लावू का मग?”

“लाव बाबा,” दीर म्हणाले. “मला अजून सगळं हिरवं दिसतंय.”

दहा दिवसांनी पट्ट्या आल्या. चित्र लख्ख दिसतं, फक्त जरा निळसर. मिस्त्री म्हणाला, नव्या पट्ट्या अशाच असतात. आत्यांना सगळी माणसं थंडीने गारठल्यासारखी वाटतात. परवा सिरियलमधल्या एका म्हातारीला बघून “हिला शाल द्या कुणीतरी” म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दीर आले. आत्यांची सिरियल चालू होती. रिमोट हातात घेऊन ते आधी माझ्याकडे वळले. “वहिनी, मॅच लावू का?”

त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. लावा की, असं म्हणायचं होतं, पण मी मान कशीतरी हलवली. त्यांना ती ‘नाही’ म्हणून वाटली. त्यांनी गुपचूप रिमोट खाली ठेवला आणि आत्यांशेजारी बसून शेवटपर्यंत सिरियल बघितली.

मीही सांगायला गेले नाही.