संभाजीनगर ते जळगाव: जाताना विमान, येताना एसटी

आधीच सांगते, मला बागेतल्या झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं. तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चार सीटच्या विमानात बसले, त्याला कारण आमचे अहो. त्यांचे शाळेपासूनचे मित्र विलासभाऊजी यांचं स्वतःचं छोटं विमान आहे आणि त्यातली अर्धी भागीदारी ते आम्हाला देऊ करत होते. अर्ध्याची किंमत ऐंशी लाख! एवढे पैसे उभे करायचे तर आमची फुलंब्री रोडची जमीन विकावी लागणार. त्या जमिनीवर म्हातारपणी घर बांधायचं, हे मी लग्नापासून मनात धरून बसलेय. अहो म्हणाले, "एकदा बसून तर बघ, मग नाही म्हण." बरं म्हटलं. नाही म्हणायचा हक्क मिळवायला तरी जावंच लागणार होतं.

सकाळी विलासभाऊजींच्या घरी तर्रीपोहे आणि चहा झाला. ज्यांना असं विमान घ्यायची स्वप्नं पडतात, त्यांनी पुढचं नीट वाचा. विमान विकत घेणं हा खर्चातला सोपा भाग. त्याचं पेट्रोल वेगळं असतं, ते आपल्या पंपावर मिळत नाही, पिंपं मागवावी लागतात आणि तासाला पस्तीसेक लिटर जातं. विमान हँगरमध्ये उभं राहिलं तरी भाडं, विमा, देखभालीचा करार आणि वर्षाची तपासणी, उडा नाहीतर नका उडू. दुसऱ्या गावी उतरलं की उतरायचे पैसे, थांबायचे पैसे. इंजिनाचे तास भरले की ते उघडून पुन्हा बांधायचं, आणि त्या आकड्यात आमच्याकडं टू बीएचके येतो. त्यात अहोंकडं लायसन नाही, म्हणजे शिकायचा खर्च अलग.

"म्हणून तर पार्टनर पायजे, वहिनी," भाऊजी हसत म्हणाले. मला काही हसू आलं नाही.

विमानतळावर पास, तपासणी, सह्या सगळं होऊन हँगरमध्ये पोचलो. पांढरं विमान, निळा पट्टा. एवढंसं! आमची गाडी त्याच्यापेक्षा दणकट दिसते. पुढच्या पंख्याची पाती झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेली, कारण खंडेनवमीला भाऊजींच्या आईनं त्याची साग्रसंगीत पूजा केली होती. आपल्याकडं त्या दिवशी ट्रॅक्टर, शिलाई मशीन, कोयता, सगळ्याला हळदीकुंकू लागतं, मग विमानानं काय पाप केलंय? पायलटच्या दाराच्या पुढं अंगठ्याएवढा ओल्या कुंकवाचा टिळा लावला होता, तो वाळून घट्ट बसला होता.

"आईला म्हटलं, अगं, हे इमान हाय, बैलजोडी नाय," भाऊजी म्हणाले, ओल्या फडक्यानं टिळा पुसला, पाकळ्या झाडल्या आणि आम्हाला आत बसवलं. अहो पुढं त्यांच्या शेजारी, मी मागं एकटी. पट्टा मी दोनदा ओढून बघितला. दार लावल्याचा आवाज तर अगदी जुन्या फ्रीजच्या दारासारखा आला.

उडालो. पोट मागं राहिलं, मी पुढं गेले. डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, ती अर्ध्यात विसरले, पुन्हा पहिल्यापासून धरली. मग एक डोळा उघडला तर खाली शेतं, पत्र्याची छपरं, पाण्यानं भरलेलं एक तळं. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं सुंदर वाटलं.

तेवढ्यात भाऊजींनी समोरच्या एका काट्यावर टिचकी मारली. पुन्हा मारली.

"काय झालं रे?" अहोंनी विचारलं.

"उंचीचा काटा हालत नाय."

"म्हणजे आपण वर जात नाही का?"

"जातोय ना! खाली बघ की. पण हा म्हणतोय आपण अजून जमिनीवरच आहोत." मग त्यांनी दुसऱ्या काट्याकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "वेग पण कमी कमी दाखवतोय."

वेग फार कमी झाला तर विमान पडतं, हे त्यांनीच मला पोहे खाताना कौतुकानं सांगितलं होतं. त्यांनी विमानाचं नाक खाली केलं. समोर अजिंठ्याचे डोंगर दिसायला लागले होते. रेडिओवरून कुणीतरी उंची विचारत होतं आणि भाऊजी उत्तरच देत नव्हते. त्यांच्या मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती. मी मागून ओरडले, "परत फिरवा!" ते म्हणाले, "वहिनी, एक मिनिट, कायतरी आहे, एक बटण आहे याला, मला आठवंना."

आठवंना! हा एक शब्द ऐकला. डोळ्यांपुढं जमीन नाही, घर नाही, फक्त आमची पुण्याला शिकणारी पोरगी आली. तिला आज सकाळी फोन केला नव्हता. मी अहोंचा खांदा इतका घट्ट धरला की नंतर तिथं नखांचे वण निघाले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, तोही घामानं ओलाच होता.

मग भाऊजी वाकले आणि काट्यांच्या खालची एक बारकी खुंटी ओढली. दोन्ही काटे एकदम उडी मारून जागेवर आले. उंची, वेग, सगळं ठीक! त्यांनी रेडिओवर उत्तर दिलं. जळगाव येईपर्यंत मी अहोंचा खांदा सोडला नाही.

उतरल्यावर भाऊजी थेट दारापुढं जाऊन उकिडवे बसले. जिथं टिळा होता, तिथंच पत्र्यात टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून काट्यांना कळतो. ओल्या फडक्यानं पुसताना वाळलेलं कुंकू त्यात गच्च बसलं होतं. बाहेरचं भोक बंद पडलं तर आतून हवा घ्यायला ती खुंटी दिलेली असते.

"उडायच्या आधी ते भोक बघायचं असतं," ते आपणहून म्हणाले. "मी आईचा टिळा बघितला, भोक नाय बघितलं."

"आणि खुंटी?" मी विचारलं.

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "वहिनी, पावसाळ्यात मोजून तीनदा उडवलं. ते पण नियमापुरतं, धावपट्टीभोवती गोल चक्कर. प्रत्येक तासाला मीटर पडतंय डोक्यात. पैसे वाचवायला कमी उडवतो, कमी उडवलं की हात विसरतो."

माणूस खोटा नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

तिथल्या इंजिनिअरनं भोक साफ करून, काटे तपासून सही देईपर्यंत आम्ही बाहेर जाऊन शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. शेवभाजी लई झणझणीत, जळगावला गेलात तर चुकवू नका. मला मात्र दोन घासांपुढं गेलं नाही. मी जाहीर केलं, मी एसटीनं जाणार. अहो म्हणाले, "विलासला असं एकट्याला कसं पाठवू? मी त्याच्याबरोबर जातो." आम्ही भांडलो, हॉटेलात, सगळ्यांसमोर. शेवटी ते विमानतळावर गेले आणि मी बसस्टँडवर.

बाई असल्यामुळं एसटीत अर्धं तिकीट. रस्ता काही ठिकाणी मस्त, काही ठिकाणी हाडं खिळखिळी. फर्दापूरला एक मावशी पेरूची पाटी घेऊन शेजारी बसल्या. मी सारखी खिडकीतून वर बघतेय म्हणून त्यांनी विचारलं, "काय हुडकताय ताई?"

"माझा नवरा विमानातून चाललाय."

"आन् तुम्ही यष्टीत?" त्या मला नीट न्याहाळत म्हणाल्या. "भांडलात व्हय?" आणि एक पेरू हातात दिला.

घाटात फोनला रेंज नाही. आकाश निळंशार, रिकामं. रिकामं आकाश एवढं भयानक दिसतं हे मला माहीत नव्हतं. काही झालं तर मला कोण कळवणार, कसं कळवणार, शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं, हेच डोक्यात फिरत होतं. सिल्लोडच्या अलीकडं फोन वाजला. मेसेज आला होता, "उतरलो." मी पेरू धरून रडले. मावशी पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

घरी पोचले तेव्हा अहो ओट्यापाशी चहा करत होते.

"भागीदारीची सही केली?" चप्पल काढायच्या आधी विचारलं.

"नाही. विलासला नको म्हणालो."

"भीती वाटली ना शेवटी?"

"जाताना वाटली. येताना नाही. येताना त्यानं मला विमानाचा दांडा धरायला दिला. काय सांगू तुला, आयुष्यात एवढी मजा आली नव्हती." त्यांनी गॅस बंद केला. "वर गेल्यावर मला तुझी आठवणच राहिली नाही, सुनंदा. तू घाटात जीव मुठीत धरून बसली असशील, हे खाली उतरून फोन चालू केल्यावर सुचलं. त्याची भीती वाटली. म्हणून नको म्हणालो."

माझी जमीन वाचली होती, मी नाचायला हवं होतं. पण आधी राग आला, मग रडू आलं, आणि हा माणूस एवढं खरं बोलला म्हणून बरंही वाटलं. चहात साखर घालायला ते विसरले होते, मी तसाच प्यायले.

जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "दिवाळीत कुठं जायचं मग?"

"जिथं एसटी जाते तिथं," मी म्हटलं, "आणि दोघांनी."