छावणीचे सहा महिने

औरंगपुऱ्यातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात, फ्रेमांच्या कपाटाच्या वरच्या खणात, हॉकीची एक शील्ड असायची. नवीन गिऱ्हाईक तिच्याकडे बघून विचारायचं, "तुम्ही खेळायचा का?" मी म्हणायचो, "नाही, मी नुसता बघायचो." उत्तर खरं होतं. पण ती शील्ड आमच्या दुकानात का आहे, हे त्यातून कळत नव्हतं, आणि ते मी आपण होऊन कुणाला सांगत नसे.

शील्ड निम्मीच आमची होती.

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं शहरात येत होती ती परत जात नव्हती. तरी हॉकीची स्पर्धा झाली आणि शेवटचा सामना शहर विरुद्ध छावणी असा आला. तो तसाच यायचा. जुन्या शहरातला आमचा संघ आणि छावणीचा, म्हणजे कॅन्टोन्मेंट भागातला, त्यांचा, यांच्यात खाम नदीचं कोरडं पात्र आणि बरंच भांडण होतं.

आमचं मैदान मातीचं. एरवी सामन्याच्या आधी त्यावर टँकरनं पाणी मारायचे, मग माती बसायची आणि फक्कीच्या रेषा टिकायच्या. त्या वर्षी पाणी मारलंच नाही. दुसऱ्या हाफमध्ये डीची, म्हणजे ज्या अर्धवर्तुळाच्या आतून मारलेलाच गोल धरतात त्याची, रेषा धुळीबरोबर उडून गेली होती. छावणीचा गोल झाला तो डीच्या आतून मारला होता की बाहेरून, हे रेषाच नसल्यामुळे ठरवता येईना. आमचा गोल झाला, तेव्हा ते म्हणाले चेंडू आधी पायाला लागला, म्हणजे फाउल. दोन्ही गोल अंपायरनं दिले. एक-एक. जादा वेळेतही काही झालं नाही आणि अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायचं ठरलं आणि त्यासाठी कसाबसा एक टँकर मिळवला. तो मैदानाच्या फाटकाशी आला तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या बाया घागरी, डबे घेऊन त्याच्या मागे मागेच आल्या.  माझे वडील स्पर्धेच्या कमिटीत होते. ते ड्रायव्हरला म्हणाले, "हे पाणी मातीत ओतायचं नाही. यांना दे." मला वडिलांचा इतका अभिमान त्याआधी वाटला नव्हता.

सामना झाला नाही. दोघांना विजेते ठरवलं. अशा वेळचा रिवाज असा की शील्ड सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. पहिले सहा महिने कुणाचे, त्यासाठी नाणं उडवलं आणि आम्ही जिंकलो. आमच्या क्लबाला स्वतःची खोली नव्हती, म्हणून शील्ड आमच्या दुकानात आली.

सहा महिने झाल्यावर छावणीचे फुलबॅक ती न्यायला आले. त्यांचं सायकलीचं दुकान होतं. सगळं शहर त्यांना ओळखायचं, कारण त्यांच्या बाजूनं चेंडू जाणं कठीण असायचं. आम्ही पोरं त्यांना चाचा म्हणायचो. शील्ड गुंडाळायला त्यांनी घडी केलेली चादर आणली होती. वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "नावं कोरायची राहिलीत. दोन्ही नावं एकदम कोरून देतो." चाचा चादर घेऊन तसेच परत गेले.

शील्डवर दर वर्षीची एक छोटी पितळी पट्टी असते. वडिलांनी ती कोरायला दिली खरी. पण दुकानाबाहेरच्या बाकावर संध्याकाळी बसणारी आमची मंडळी म्हणाली, आधी आपलं नाव तर येऊ द्या, पुढच्या वर्षी आपण ती पुरी जिंकणारच आहोत. पट्टी परत आली ती वर शहराचं नाव आणि खाली अर्धी कोरी जागा अशी.

पुढच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही. मैदानावर टँकर भरायची सोय केली. नंतर तिथं पाण्याची मोठी टाकी बांधली, आणि टाकीभोवती बिल्डिंगा उठल्या. पोरं वाळूजच्या कंपन्यांत लागली. हॉकीत उरलो ते आम्ही बघणारे.

चाचा मात्र येत राहिले. चष्म्याचं निमित्त असायचं, कधी तेही नसायचं. सायकल भिंतीला लावून आत डोकावायचे आणि वडिलांना विचारायचे, "क्यों सेठ, झाले का सहा महिने?"

"चार झालेत. थोडं थांबा."

"तुमचा महिना लई लांब असतो, सेठ."

बाक हसायचा. चाचाही हसायचे आणि त्याच बाकावर टेकायचे. मग वाद सुरू व्हायचा. खरा हक्क कुणाचा?

बाकावरचा सगळ्यात कडवा माणूस पिशोर गावचा होता. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मेंढरं राखणाऱ्या घरातले. दुष्काळात कळप विकून शहरात आले आणि गारखेड्यात नव्या बिल्डिंगांवर वॉचमन झाले. ड्युटी नसली की दोन रिक्षा बदलून आमच्या बाकावर यायचे. आयुष्यात स्टिक हातात धरली नव्हती, पण शहराचा संघ म्हणजे "आमी".

"चाचा, डीच्या भायेरून मारला व्हता तुमच्या पोरानं. म्या ह्या डोळ्यानं पायलं."

"डी होती कुठं मामा? उडाली होती सगळी. आणि तुम्ही तर फाटकाजवळ होते."

"फाटकावून बी दिसतं. मेंढी कुठं तोंड घालती ते म्या दोन शेतांवरून वळखतो."

"मग आमचा चेंडू मेंढी होता काय?"

"मेंढी बरी. ती वळवली तं वळती. तुमचा अंपायर वळला नाय."

"अंपायर आमचा? अरे, तुमच्या पायाला लागलेला गोल त्यानंच दिला ना मियाँ."

"पायाला नाय, स्टिकला."

"पायालाच, मी मागंच उभा होतो ना. आवाजावरून कळतं. पायाचा आवाज वेगळा."

असे ते तासभर चालायचे. मी काउंटरमागून ऐकायचो, आणि पुढे पुढे मीही त्यात चांगला तरबेज झालो.

वडील गेले तेव्हा चाचा भेटायला आले, माझ्या पाठीवरून हात फिरवला, शील्डकडे बघितलंही नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी एकदा आले आणि न हसता म्हणाले, "बेटा, आता दे. आमच्या संघातले फार थोडे उरलेत. मोहल्ल्यात एकदा ठेवू, सगळे बघतील, मग घेऊन जा."

बाक भरलेला होता. मी म्हणालो, "देतो की चाचा. आधी कबूल करा, गोल डीच्या बाहेरून होता."

सगळे हसले. चाचांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "बाहेरून कसा?" आणि बाकावर बसले. वाद निघाला की ते तो अर्धा सोडू शकत नसत, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तो काढला होता. शील्ड कुणी जिंकायला हवी होती, हा प्रश्न कधी सुटणारा नव्हता. शील्ड द्यायची की नाही, हा प्रश्नच नव्हता, ते ठरलेलं होतं. पहिल्या प्रश्नाआड दुसरा लपवायला मी वडिलांकडून शिकलो आणि त्यांच्यापेक्षा चांगला शिकलो. वडील निदान थांबा म्हणायचे.

नंतर चाचा खरोखरच डोळ्यांसाठी आले. दाराच्या चौकटीला खांदा लागतो म्हणाले, सायकल चालवताना बाजूनं येणारी रिक्षा एकदम पुढ्यात येते. मी त्यांना खुर्चीत बसवलं. समोरचा तक्ता त्यांनी बराच खालपर्यंत वाचला. मग मी सरळ बघायला सांगून कडेनं बोट आत आणत गेलो. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ते म्हणाले, "आता दिसलं." अख्खं मैदान एका नजरेत धरणारा हा माणूस नळीतून बघावं तसं बघत होता. मी त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती, थेंबांनी उरलेली टिकली तर टिकणार होती.

दुसऱ्या खेपेला ते आले तेव्हा नंबर बराच वाढला होता. नवा चष्मा डोळ्यांवर चढवल्यावर ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "ती जरा काढ ना खाली."

मी शील्ड काढून काउंटरवर ठेवली. ते वाकले. नाक पितळेला लागेल इतके जवळ गेले. एकेका पट्टीवरून सावकाश आले आणि त्या वर्षीच्या पट्टीवर थांबले. आमचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग मान तिरकी करून त्याच्या खाली बघत राहिले.

"खाली आमचं नाव दिसत नाय बेटा. लिवलंय ना?"

बाकावरून मामा आणि दोघे-तिघे आत बघत होते. खरं सांगायला मला किती शब्द लागले असते? मी म्हणालो, "लिहिलंय, चाचा. बारीक आहे. तुम्हाला दिसायचं नाही."

"असंल," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून कुर्त्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाकून बघितलं. मग मान हलवली. "असंल बाबा. आता नजरच तशी झाली."

मी चष्मेवाला आहे. माणसाला काय दिसतं आणि काय नाही, ते त्याला खरं सांगणं एवढंच माझं काम. ज्याची नजर जात होती त्याला, जे तिथं नव्हतंच, ते तुझ्या डोळ्यांमुळे दिसत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी पैसे दिले, मी ते घेतले. ते भिंतीला हात लावत पायरी उतरले. मी शील्ड परत वर ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी दुकानात आली. तिच्या हातात तोच चष्मा होता. "अब्बांना आता याचा उपयोग नाही," ती म्हणाली. "काच बदलून कुणाला देता आला तर द्या. अब्बांनीच पाठवलंय." निघताना ती थांबली. "शील्डवर नाव आहे हे तुम्ही सांगितलं, ते बरं झालं. अब्बा मोहल्ल्यात सगळ्यांना सांगतात, आपलं नाव आहे, मलाच तेवढं दिसलं नाही."

मी त्याच दुपारी पट्टी सोडवून गुलमंडीजवळच्या कोरणाऱ्याकडे नेली. खालच्या कोऱ्या जागेत छावणीचं नाव कोरून घेतलं. संध्याकाळी शील्ड चादरीत गुंडाळत होतो तेव्हा मामा आले.

"कुठं नेता भाऊ?"

"छावणीत."

ते पायरीवरच उभे राहिले. "देयाची नाय ती. आपली हाय."

"निम्मी आहे, मामा."

"मेंढरं इकून आलो तव्हा ह्या शहरात माझं काय बी नव्हतं. त्या मैदानावर गर्दी दिसली म्हनून घुसलो. शेजारच्यानं इचारलं, कोनाकून? म्या म्हनलं, शहराकून. तव्हापसून शहराचा झालो." त्यांचा आवाज खाली आला. "ती गेली तं बाकावर काय बोलावं मानसानं?"

 मी त्यांना खालचं नाव त्याच दुपारी कोरल्याचं सांगितलं, आणि माझ्या त्या खोट्यावर चाचा मोहल्ल्यात काय सांगतात तेही.  मग त्यांनी माझ्या हातातून शील्ड घेतली.

"तुमी गाडी चालवा. म्या मागं धरून बसतो. पडंल नायतं."

चाचा बाजेवर बसले होते. आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखलं. मामांनी शील्ड त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांचा हात धरून त्या पट्टीवर नेला आणि बाजूला झाले. चाचांनी अंगठा वरच्या नावावरून फिरवला. मग खालच्या. मग पुन्हा वरच्या. खोलीत त्यांची मुलगी होती, शेजारचे दोघे आले होते. 

"वरचं घासून गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. "खालचं टोचतं. हे नवीन आहे."

"हो, चाचा."

"म्हणजे त्या दिवशी माझी नजर ठीक होती."

"ठीक होती. मी खोटं बोललो."

 त्यांनी मला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. अंगठा खालच्या अक्षरांवरच होता. शेवटी मामांना ते सहन झालं नाही.

"पर चाचा, गोल डीच्या भायेरूनच व्हता."

चाचांनी त्यांच्या दिशेनं तोंड वळवलं. "पायाला लागलेल्या गोलाचं बोला मामा, मग डीचं बघू." ते दोघं बोलत राहिले. माझ्याशी चाचा त्या संध्याकाळी पुन्हा बोलले नाहीत. निघताना त्यांची मुलगी म्हणाली, "सहा महिन्यांनी न्यायला या." ती रिवाजाप्रमाणे म्हणाली.

दुकानात वरचा खण रिकामा आहे. तिथं मी फ्रेमा लावल्या नाहीत. बाकावर आता दोघं-तिघंच असतात. मामा मात्र येतात, शील्ड नसतानाही त्यांना बोलायला पुष्कळ सापडतं. परवा त्यांनी आत डोकावून विचारलं, "भाऊ, झाले की आता सहा महिने. जायाचं का आनायला?"

मी काच पुसत होतो. "नाही झाले, मामा," मी म्हणालो. "अजून व्हायचेत."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. "व्हय," ते म्हणाले, "नाय झाले," आणि बाकावर जाऊन बसले.