दादांची गोळी श्रावण पाळते

माझ्या थोरल्या भावाच्या हृदयाच्या नळीत मागच्या वर्षी जाळी बसवली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली आणि माझ्यादेखत बजावलं, "रोज घ्यायची. पुन्हा तुंबलं तर दर वेळी वेळेत पोचाल असं नाही." दादांनी अशी काही मान डोलावली की मला वाटलं, चला, सुटलो! पन्नाशी उलटली तरी माझा हा भाबडेपणा जात नाही.

मी राहतो बदनापूरला, दादा हसनाबादला. श्रावणात गावी गेलो तर फळीवर गोळ्यांची पाकिटं जवळजवळ जशीच्या तशी. मीच नेऊन दिलेली.

"दादा, गोळ्या घेत नाही का?"

"श्रावण हाय," दादा म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मटणाचं पातेलं घेऊन देवळात शिरलोय.

"म्हणून?"

"आरं, गोळी कशावर? चरबीवर. चरबी कशाची? वशाटाची, मटणाची. ते महिनाभर बंद. मंग गोळीनं आत जाऊन काय भगर निवडायची?"

वहिनी आतून बाहेर आल्या. "सोमवारी न्हाई, एकादशीला न्हाई. वशाट शिजलं की मातर बराबर आठवण येते, भावजी. दर्ग्यावर नवसाच्या कंदुरीचं बोकड कापलं, तवा पंगतीत बसायच्या आधी तीन गोळ्या एकदम खाल्ल्या. शेजारच्या पाव्हण्यालाबी एक दिली."

"तीन?" मी किंचाळलो.

"रस्सा दोनदा घ्यायचा व्हता," दादा म्हणाले.

मी उठलो. हातवारे केले, आवाज चढवला, मागच्या वर्षी दादांना दवाखान्यात नेल्याचा मला आलेला तो फोन, मग माझी झालेली धावपळ, सगळं करून दाखवलं. तसा फोन पुन्हा येऊ नये, एवढंच मला हवं होतं. शेवटी हुकमी उदाहरण काढलं. "तुमच्या मोसंबीच्या ठिबकच्या नळ्या क्षारांनी तुंबतात ना? मग त्यात ॲसिड सोडता ना? तसंच हे."

"सोडतो की. पण रोज सोडलं तर झाड जळंल का न्हाई?"

माझंच उदाहरण माझ्याच टाळक्यात बसलं. वहिनी पदराआड हसल्या. मी कपाळावर हात मारला तो इतक्या जोरात, की ओट्यावरचं मांजर पळालं.

शेवटी श्रावण संपताच त्यांना तपासणीला जालन्याला नेलं. गाडीत स्वारी खुशीत. "महिनाभर वशाटाचा वास न्हाई घेतला. रिपोर्ट बघून बाई पाया पडतील माझ्या." बाई पाया पडल्या नाहीत. कागद बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. चरबी आधीपेक्षा कितीतरी वाढलेली.

"दुसऱ्याचं रगत मिसळलं असंल," दादा म्हणाले.

मी गोळीचा श्रावण, एकादशी आणि कंदुरी, तिन्ही सांगून टाकलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तीन एकदम घेतल्यानं राहिलेल्या दिवसांचं भरून निघत नाही, उलट त्रास होतो. आणि ही चरबी काही फक्त मटणातून येत नाही. बरीचशी तुमचं लिव्हरच तयार करतं. तुम्ही उपाशी असलात तरी."

"लिव्हर म्हंजे कलेजी?"

"हो."

"एकादशीला?"

"एकादशीलापण."

"महाशिवरात्रीला?"

"काका, कलेजीला पंचांग कळत नाही."

दादांचा चेहरा लाल झाला. मरणाची भीती घालून झाली होती, नातवंडांची शपथ झाली होती, ते ढिम्म हलले नव्हते. पण हा अपमान होता. परतीच्या वाटेवर ते स्वतःच्या पोटाकडे बघून शिव्या देत होते. "मी हिकडं बिलकुल पाणी न पिता बसून राह्यलो, अन् ही आतल्या आत चरबी करून राह्यली? माझ्याच घरात राहून?"

पुढच्या एकादशीला सकाळीच फोन वाजला. मी हातातला चहा तसाच ठेवून उचलला. वहिनी होत्या. "घेतली, भावजी! देवाला फूल वाहायच्या आधी गोळी घेतली. म्हणले, आता बघतोच तिला."

मी डोळे पुसणार, एवढ्यात दादांनी फोन ओढून घेतला. "तू रगत तपासलंस का?"

"मला कुठं काय झालंय, दादा?"

"कलेजी हाय का न्हाई तुला? मंग! जल्दी तपासून घे. अन् 'मी तर उपास करतो' असं म्हणून शाणपणा शिकवू नको मला."