दादाचे बुडबुडे

त्याचं खरं नाव आता त्याच्या वहिनीलाही आठवून सांगावं लागलं असतं. सगळं बेट त्याला थांब्या म्हणायचं, कारण त्याचा धंदाच थांबण्याचा. लॉजवर उतरलेले पाहुणे पाठीला हवेचा सिलिंडर बांधून होडीच्या कडेवरून उलटे पाण्यात पडायचे आणि खाली मासे बघत हिंडायचे. हा वर बसून त्यांच्या बुडबुड्यांमागून होडी न्यायचा. पाण्याखाली गेलेल्या माणसाचा श्वास तेवढा वर दिसतो. तो जिकडे, तिकडे होडी. लोकांना वाटायचं, याला काय काम आहे, नुसतं बसायचं तर आहे. उन्हात डोळे बारीक करून लाटेच्या फेसातून माणसाचा श्वास वेचायचा, चार जण खाली असले तर चारही ओळी सांभाळायच्या, एखादी दिसेनाशी झाली तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही, आणि एवढं करून लोक म्हणणार बसला होता! थांब्यानं त्यांना समजावण्याचा नाद केव्हाच सोडला होता.

लग्नाचंही त्यानं असंच जरा थांबवून ठेवलं होतं, ते थांबलंच.

बेट म्हणजे समुद्रात पडलेली एक बांगडी, तीही एका जागी तुटलेली. आतल्या बाजूला हिरवट, उथळ, गुणी पोरासारखं पाणी. बाहेरच्या बाजूला एकदम खोल, काळंनिळं. ओहोटी लागली की आतलं सगळं पाणी त्या तुटलेल्या तोंडातून बाहेर धाव घेतं. त्या तोंडाला लागूनच, प्रवाळाच्या भिंतीत, एक गुहा आहे. थांब्याचा थोरला भाऊ तिथे गेला.

दादा बेटावरचा पहिला गाईड. लॉजच्या होडीचा नांगर गुहेच्या तोंडाशी अडकला होता, तो सोडवायला तो एकटाच खाली उतरला. प्रवाह होडीला ओढत होता म्हणून थांब्या इंजिन चालू ठेवून होडी जागेवर धरून होता. बुडबुडे गुहेच्या बरोबर वर येत होते. त्यानं त्यांच्यावरून नजर काढली नाही. एका सिलिंडरात हवा किती असते हे त्याला तोंडपाठ होतं. ती हवा संपायची वेळ आली, टळली, ऊन कललं, तरी बुडबुडे येतच राहिले. बारीक, सावकाश, पण येत राहिले. दादाकडची हवा संपली होती आणि दादा श्वास घेत होता. अंधार पडला, पाणी दिसेनासं झालं, तेव्हा कुठे दुसऱ्या होडीतल्या लोकांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी शोधणारे खाली जाऊन आले. नांगर सुटून बाजूला पडला होता आणि गुहा रिकामी होती. प्रवाहानं नेला, असं सगळ्यांनी ठरवलं. थांब्या म्हणाला, कसा नेईल? काळोख होईपर्यंत मी त्याचा श्वास बघत होतो. लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांद्यावरचा हात त्याला थोबाडीत मारल्यासारखा लागला. गुहेच्या आत कुठे तरी एखादी फट असेल, दादा त्या फटीत असेल, आणि या शहाण्यांना ती दिसली नसेल, हे त्यानं मनाशी धरलं ते कायमचं.

विश्वास ठेवला फक्त वहिनीनं. अंगणात नारळाच्या काथ्याचा दोर वळता वळता ती एकदा म्हणाली होती, "भाऊजी, शेवटपर्यंत तुम्ही त्यांच्या डोक्यावर होतात. ते एकटे नव्हते. मला तेवढं पुरे आहे." त्या तेवढ्यावर ते घर उभं होतं. पुतणी तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होती.

पुढे थांब्यानं गुहेवर स्वतःच्या हातानं एक तरंगता डबा बांधला, होडी अडकवायला. तिथून जाताना तो इंजिन बंद करायचा, डब्याला दोर टाकायचा, हात कोपरापर्यंत पाण्यात सोडायचा आणि घरच्या बातम्या सांगायचा. पोरीचा दात पडला. पोरगी पोहायला शिकली. पोरगी तुझ्यासारखीच हट्टी निघाली, मला वाटलंच होतं. मोठी लाट बसली की त्याच्या बोटांजवळ चार बुडबुडे यायचे आणि फुटायचे. क्वचित होडीच्या तळाला खालून ठक् करून आवाज व्हायचा. त्या आवाजाबद्दल तो वहिनीलाही कधी बोलला नाही. पाहुण्यांना मात्र त्यानं तिथे कधी उतरू दिलं नाही. कुणी आग्रह धरलाच तर इंजिनाला काही तरी व्हायचं.

पण अशा गोष्टी लपत नाहीत. लॉजच्या मालकाला वास लागला आणि धक्क्यावर पाटी लागली: 'श्वास घेणारी गुहा! डायव्हिंग आणि बेटावरचं लोकजीवन.' गुहा म्हणजे दादा आणि लोकजीवन म्हणजे वहिनी. संध्याकाळी पाहुणे अंगणात खुर्च्या टाकून बसायचे, वहिनी दोर वळायची, ते टाळ्या वाजवायचे. एका बाईंनी फार हळव्या आवाजात विचारलं, हा दोर कशाचं प्रतीक आहे? वहिनी म्हणाली, "बांधायला लागतो." त्यालाही टाळ्या पडल्या.

पुतणी गाईड झाली, ती शहरात राहून, रीतसर शिकून. परत आल्यावर पहिल्याच मोसमात ती जेवताना म्हणाली, "काका, उद्या पाहुण्यांना गुहेत नेणार आहे."

"नाही."

"ते त्यासाठीच आलेत."

"तर मग आले तसे जातील. दुसरीकडे ने. कासवं दाखव."

"काका, बाबा तिथे आहेत असं तुम्हीच म्हणता ना? मग मला भेटू द्या की त्यांना."

थांब्यानं वहिनीकडे बघितलं. त्याला वहिनीनं तरी अडवावं असं वाटत होतं. वहिनी ताटात बघत म्हणाली, "जाऊ दे तिला, भाऊजी. तुम्ही वर आहात ना."

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. ती जागा दादाला घेऊन गप्प बसली होती. आता तिला पोरगी दाखवायची, म्हणजे आपण होऊन तिच्या तोंडात घास घालायचा. काही झालं तर वहिनीला कुठलं तोंड दाखवणार होता तो? सकाळी त्यानं इंजिन बिघडवायचाही विचार केला, पण पोरगी पहाटेच येऊन होडीत बसली होती. काकाला ती ओळखून होती.

पाहुणे दोघंच, एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टर मोठ्या उत्साहात होते. "भूत दिसलं तर दात तपासून देतो," असं ते दोनदा म्हणाले. थांब्यानं डब्याला दोर टाकला, इंजिन बंद केलं. पुतणीनं त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि तिघंही उलटे पडले.

आधी तीन ओळी स्वच्छ दिसत होत्या. मग तिघं गुहेत शिरले असावेत, कारण ओळी मोडल्या आणि पाण्याच्या मोठ्या तुकड्यावर सगळीकडून बारीक बुडबुडे फुटायला लागले. कुठला कुणाचा कळेना. थांब्या कडेवर ओणवा झाला. वेळ जात होता. डब्याचा दोर हळूहळू ताणला जाऊ लागला. ओहोटी अंदाजापेक्षा लवकर लागली होती. पण बुडबुडे होते. पोरगी खाली होती, श्वास घेत होती, आणि त्या श्वासांत दादाचाही असेल या विचारानं त्याला भीतीही वाटली आणि भरूनही आलं. बापलेकीची भेट होतेय, होऊ दे जरा.

मागून कुठून तरी बारीक शीळ आली. पक्षी असेल. पुन्हा आली. त्यानं मान वळवली नाही. खाली माणसाचा श्वास चालू असताना नजर काढायची नाही, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं आणि शेवटचं कलम. तिसऱ्यांदा ती लांबलचक आली, आणि ती शिट्टी होती.

तो वळला. बाहेरच्या पाण्यात, उन्हाच्या चकाकीत, खूप लांब एक खुणेचा नारिंगी फुगा उभा होता, पाण्यातून वर आलेले लोक होडीला दिसावं म्हणून फुगवतात तसा. त्याच्याखाली तीन डोकी. त्यानं पुन्हा खाली बघितलं. बुडबुडे येत होते. तिन्ही माणसं तिकडे होती आणि इथे खाली कुणी तरी श्वास घेत होतं.

"दादा," तो मोठ्यानं म्हणाला, "दादा, आलोच, पोरीला घेऊन येतो." त्यानं डब्याचा दोर सोडला. आपण त्याला पुन्हा टाकून चाललोय असं त्याला वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

तिघंही धडधाकट होते. डॉक्टर होडीत चढताना म्हणाले, "काय वेग हो पाण्याला! बाहेर पडलो आणि एकदम गाडीत बसल्यासारखे निघालो!"

पुतणी मात्र तापली होती. "काका, केव्हाची शिट्ट्या मारतेय! झोपला होतात का?"

"खाली कोण आहे?" थांब्यानं विचारलं.

"कुठे खाली?"

"गुहेत. बुडबुडे येतायत अजून."

"अहो, ते आमचेच." ती सिलिंडर उतरवत होती. "गुहेच्या छताशी आम्ही सोडलेला श्वास अडकून राहतो. प्रवाळ म्हणजे नुसती चाळणी, त्यातून तो झिरपत राहतो. माणूस केव्हाच निघून गेलेला असतो आणि वर बुडबुडे चालूच. संध्याकाळपर्यंत येतील बघा. एरवीही लाट बसली की आतली हवा निघतेच थोडी. आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवतात, गुहेवरच्या बुडबुड्यांचा भरवसा धरायचा नाही."

"म्हणजे भूत नाहीच?" डॉक्टर हिरमुसले. त्यांच्या बायकोला हसू आलं.

थांब्याला ते हसू लांबून आल्यासारखं ऐकू आलं. दादानं नांगर सोडवला होता. काम करून तो धडपणे बाहेर पडला होता. प्रवाहानं त्याला इथेच आणून सोडलं असणार, याच पाण्यात. तो वर आला असेल, त्यानं होडी बघितली असेल, होडीत धाकटा भाऊ बघितला असेल आणि त्याला हायसं वाटलं असेल. मग त्याला भावाची पाठ दिसली असेल. ती पाठ वळली नाही. दादा लांब लांब जात राहिला आणि हा त्याच्या शिळ्या श्वासाची राखण करत बसला, अंधार पडेपर्यंत.

पुतणी दोर गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता तिचे हात थांबले. तिनं गुहेकडे बघितलं, मग बाहेरच्या पाण्याकडे, मग काकाकडे.

"काका," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुमचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

त्यानं हात उचलून गुहेकडे दाखवलं.

थांब्या वाट बघत होता की ती ओरडेल, निदान तोंड तरी फिरवेल. ती उठली आणि सुकाणूजवळ त्याला खेटून बसली. तिचे केस ओले होते आणि ती कुडकुडत होती.

"आईला यातलं काही कळू द्यायचं नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. होडी तोंडातून आत शिरली, पाणी हिरवं झालं. डॉक्टर बायकोचे फोटो काढत होते.

"शिट्टी वाजवली असेल गं त्यानं," थांब्या म्हणाला.

"छे, काका. तेव्हा कुठे असायच्या शिट्ट्या? बाबांकडे नव्हतीच. मला माहीत आहे ना."

त्या दिवशी दादाच्या जाकिटाला शिट्टी थांब्यानंच बांधली होती, निसटू नये म्हणून दोन गाठी मारून. इंजिनाचा आवाज नसता तर ती ऐकू आली असती.

"हो," तो म्हणाला, "नसेल."