हळदीच्या अंगानं चौकीत

माझी धाकटी जाऊ जागृती कल्याणच्या कोर्टात वकिली करते, आणि दर रविवारी ठाकुर्लीत आमच्या देवळाच्या हॉलमध्ये गावातल्या पोरांना कायदा शिकवते. खोटं खोटं कोर्ट भरवतात. कोणी पोलीस होतं, कोणी आरोपी. जज व्हायची हौस माझ्या पुतण्याला, विकीला. घरातले पुरुष टोमणे मारायचे, "वकीलीणबाई, पोरांना पोलीस बनवताय का चोर?" ती हसून सोडून द्यायची. तिच्या जागी मी असते तर लाटणंच फेकून मारलं असतं.

विकीच्याच हळदीला राडा झाला. डीजेच्या गाण्यावरून त्यानं एकाला ढकललं, तो स्टेजच्या पाइपावर आपटला, डोक्याला टाके पडले. सकाळी चौकीतून फोन. थोरले दीर, विकीचे वडील धाकूभावजी, लगेच म्हणाले, "नयन जाईल. सांगेल, मीच ढकललं. विकीला हळद लागलीय, तो उंबरा ओलांडणार नाय."

नयन म्हणजे माझा मुलगा. नुकता कॉलेजात गेलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्याकडे थोरल्यांचा शब्द खाली पडत नाही, आणि हा येडा चपला घालायला निघालासुद्धा! "पाय तोडीन," मी ओरडले. पण कोण ऐकतंय?

जागृती आवाज न चढवता विकीसमोर बसली. "जजसाहेब, गेल्या रविवारी एकानं मित्राचा गुन्हा अंगावर घेतलेला. तुम्ही काय म्हणालेलात?"

विकीची मान खाली गेली. "सुटणार कोणच नाय, दोघंपण अडकतील." मग उठलाच. "चल काकी. मीच ढकललं."

"चल. पण आधी ती सुरी ठेव!"

नजर लागू नये म्हणून नवरदेवाच्या हाती देतात ती, टोकाला लिंबू खोचलेली सुरी. मारामारीच्या केसमध्ये सुरी घेऊन चौकीत निघालेला शहाणा! धाकूभावजींनीच ती काढून घेतली.

दुपारी दोघं परत आले. जबाब झाला, नोटीस मिळाली, अटक नाही. जखमी माणूसही धोक्याबाहेर होता. "केस चालेल," जागृती म्हणाली, "पण ज्यानं केलं त्याच्यावर." हुश्श! मी देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर तिच्या तोंडात कोंबली.

वरातीआधी नयन माझ्याजवळ जेवायला बसला. घास तसाच हातात धरून म्हणाला, "आई, मी पाठपण केलेलं गं. कुठे ढकललं, कसं ढकललं, सगळं."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि त्याला जवळ ओढून भर मांडवात रडले.